पाच डॉलर रोजाची गोष्ट

७ मार्च १९३२. सोमवारचा दिवस. डेट्रॉईट शहराच्या नैर्ऋत्य टोकाला हाडे गोठवणाऱ्या थंडीत काही हजार माणसे जमली होती. बहुतेकांच्या हाताला कित्येक महिने काम नव्हते. त्यांना चालत जायचे होते ते शेजारच्या डिअरबॉर्न गावातल्या फोर्डच्या रिव्हर रूज कारखान्यावर. जगातला सर्वांत मोठा म्हणून गाजलेला हा कारखाना. एका बाजूने जहाजातून कच्चे लोखंड आत यावे आणि दुसऱ्या बाजूने तयार मोटार बाहेर पडावी, असा त्याचा पसारा. मोर्चातल्या अनेकांनी याच कारखान्यात मोटारी जोडल्या होत्या.

त्यांच्या मागण्यांची यादी आज वाचताना त्यातला साधेपणा डोळ्यांत भरतो. काढलेल्यांना कामावर परत घ्या. पगार न कापता सात तासांचा दिवस करा. पट्ट्याचा जीवघेणा वेग कमी करा. काळ्या कामगारांना वेगळी वागणूक देऊ नका. हिवाळ्यापुरता कोळसा द्या. आजारपणात औषधोपचार करा. युनियन बांधू द्या.

डेट्रॉईटच्या हद्दीत मोर्चा शांतपणे चालला. तिथले महापौर फ्रँक मर्फी यांनी परवानगी दिली होती. डिअरबॉर्नची हद्द लागली आणि पोलिसांनी अश्रुधूर सोडला. मोर्चेकऱ्यांनी दगड उचलले. कारखान्याच्या फाटकाजवळ त्या गोठवणाऱ्या हवेत बंबांतून पाण्याचा मारा झाला आणि पाठोपाठ गोळ्या सुटल्या. गोळीबारात पोलीस होते, तसेच फोर्डचे खासगी पहारेकरीही. चार जण ठार झाले. जखमी झालेला पाचवा पुढे काही महिन्यांनी गेला. तो कृष्णवर्णीय होता, म्हणून आधीच्या चौघांशेजारी मूठभर जागा त्याला नाकारण्यात आली.

अमेरिकी मोटारधंद्याच्या इतिहासात हा मोर्चा ‘भूकमोर्चा’ म्हणून ओळखला जातो. तो कामगार चळवळीच्या प्रकरणात सांगितला जातो; कंपन्यांच्या तोट्याचा इतिहास वेगळ्या प्रकरणात येतो. या दोन गोष्टी मुळात एकच आहेत आणि एकत्र वाचल्याशिवाय त्यांतली कुठलीच नीट कळत नाही, हे मला इथे मांडायचे आहे.

त्यासाठी अठरा वर्षे मागे जावे लागेल.

जानेवारी १९१४ मध्ये हेन्री फोर्डच्या कंपनीने जाहीर केले की, यापुढे कामाचा दिवस आठ तासांचा आणि रोज पाच डॉलर. तोवर कामगाराला दिवसाला जेमतेम अडीच डॉलर पडत. जगभर खळबळ उडाली. कुणी फोर्डला संत ठरवले, कुणी वेडा. कारण मात्र व्यवहारी होते. फिरत्या पट्ट्यावर दिवसभर एकच बोल्ट आवळण्याच्या कामाला माणसे इतकी विटत की, वर्षभरात कारखान्यातली जवळजवळ सगळी माणसे तीन-चार वेळा बदलून जात. पाच डॉलरने माणूस टिकला. त्यासोबत अटीही आल्या. कामगार दारू पितो का, घर स्वच्छ ठेवतो का, पैसे साठवतो का, हे पाहायला कंपनीचे तपासनीस घरोघर जात.

पुढे या निर्णयाला एक सुंदर गोष्ट चिकटली, आणि ती फोर्डनेच पसरवली: कामगाराला चांगला पगार द्या, म्हणजे तो तुमचीच मोटार विकत घेईल. या गोष्टीत तथ्यही होते. १९०८ साली साडेआठशे डॉलरला निघालेली ‘मॉडेल टी’ विसाच्या दशकाच्या मध्यावर तीनशेच्या आत आली. कारखान्यात जाणारा माणूस मोटारीतून जाऊ लागला. कामगार तोच गिऱ्हाईक, हे त्या धंद्याचे बळ ठरले.

पण बळाची जागा तीच दुखऱ्या नसेची जागा असते. कामगार तोच गिऱ्हाईक असेल, तर त्याला कामावरून काढणे म्हणजे स्वतःचे गिऱ्हाईक काढणे. तेजीत हे कुणाच्या ध्यानात यायचे कारण नव्हते.

शिवाय तेजीतच आणखी एक दोरी विणली गेली होती. जनरल मोटर्सने १९१९ सालीच गिऱ्हाइकाला कर्ज देणारी स्वतःची कंपनी काढली. फोर्डला उधारी आवडत नसे. गिऱ्हाइकाने पैसे साठवून मोटार घ्यावी, असे त्याचे मत. गिऱ्हाइकाने मात्र आल्फ्रेड स्लोन यांच्या जनरल मोटर्सचे ऐकले. दरवर्षी नवे मॉडेल, नवा रंग, हातात पैसे नसतील तर हप्ते. विसाच्या दशकाच्या अखेरीस निम्म्याहून अधिक मोटारी हप्त्यांवर जात होत्या. त्या करारांतली मेख अशी की, हप्ता चुकला तर गाडी परत जाई आणि तोवर भरलेले पैसेही बुडत. त्यामुळे दिवस फिरले तेव्हा लोकांनी आधी कपडे, फर्निचर, घरातल्या चार वस्तू यांना कात्री लावली. हप्ता शेवटपर्यंत भरला. म्हणजे मोटारीच्या उधारीने बाकीची दुकानेही ओस पाडली.

ऑक्टोबर १९२९ मध्ये शेअर बाजार कोसळला. त्या एका वर्षात अमेरिकेत मोटारी आणि ट्रक मिळून त्रेपन्न लाखांवर वाहने तयार झाली होती. १९३२ मध्ये हा आकडा तेरा लाखांच्या आसपास आला. चारातली तीन वाहने नाहीशी. इतर कुठल्याही मोठ्या धंद्याला क्वचितच एवढी खोल घसरण पाहावी लागली असेल.

कारण सोपे आहे. भाकरी आज विकत घ्यावीच लागते, मोटार पुढच्या वर्षीही घेता येते. लोकांनी मोटारी सोडल्या नाहीत. रस्त्यावरच्या नोंदणीकृत वाहनांची संख्या फक्त दहा टक्क्यांच्या आसपास घटली. टायरला ठिगळ लावून, इंजिन पुन्हा पुन्हा खोलून त्यांनी जुनी गाडी चालवली. मोटार गरजेची झाली होती. नवी मोटार मात्र कुणाच्याच गरजेची राहिली नव्हती.

नोव्हेंबर १९२९ मध्ये राष्ट्राध्यक्ष हूव्हर यांनी बड्या उद्योगपतींना व्हाइट हाउसमध्ये बोलावले आणि पगार कापू नका, अशी विनंती केली. फोर्डने बाहेर पडून उलट वाढ जाहीर केली: रोज सात डॉलर! पाच डॉलरच्या गोष्टीचा हा दुसरा अंक होता आणि तो मनापासूनचा असावा. पण गाड्या खपेनात. रोज सात डॉलर, पण किती जणांना? १९२९ च्या वसंतात फोर्डकडे एक लाख अठ्ठावीस हजार कामगार होते. ऑगस्ट १९३१ मध्ये उरले सदतीस हजार. नंतर रोजही उतरला: सहा, मग चार. अठरा वर्षांपूर्वीच्या त्या प्रसिद्ध आकड्याच्याही खाली.

यात कुणा एकाचा दुष्टपणा शोधण्यात अर्थ नाही. मागणी नसताना माल बनवून कुठे ठेवायचा? प्रत्येक कंपनीने आपापल्यापुरता शहाणपणाचा निर्णय घेतला. डेट्रॉईटमधल्या प्रत्येक कारखान्याने तोच शहाणपणा एकाच वेळी केला आणि शहर बसले. एका कंपनीने काढलेला माणूस दुसरीचे गिऱ्हाईक होता, हे कुणाच्याच ताळेबंदात लिहिलेले नव्हते.

भार पडला महापौर मर्फी यांच्यावर. शहराने बेकारांना मदत सुरू केली, बंद पडलेल्या कारखान्याच्या इमारतीत बेघरांसाठी निवारा काढला, रिकाम्या जागांवर भाजीपाला लावायला वाफे दिले. मदतीच्या रांगेत फोर्डचे कामगार मोठ्या संख्येने होते; पण फोर्डचे कारखाने शहराच्या हद्दीबाहेर असल्यामुळे त्यांचा कर शहराच्या तिजोरीत येत नव्हता. माणसे डेट्रॉईटची, कर डिअरबॉर्नचा. भूकमोर्चा ज्या हद्दीवर अडवला गेला, तीच ही हद्द.

कंपन्यांचे काय झाले? सगळ्यांचे सारखे नाही. जनरल मोटर्सला महामंदीच्या एकाही वर्षी तोटा झाला नाही. पण १९२९ मध्ये पंचवीस कोटी डॉलरच्या घरात असलेला नफा १९३२ मध्ये पावणेदोन लाखांच्याही खाली आला. स्लोन यांनी महागड्या गाड्यांचे उत्पादन आवरले, वेगवेगळ्या नावांच्या गाड्यांना आतून सारखेच भाग वापरले. वॉल्टर क्रायस्लर यांनी ‘प्लिमथ’ ही स्वस्त गाडी नेमकी मंदीच्या तोंडावर, १९२८ मध्ये आणली होती. ‘घेण्याआधी तिन्ही गाड्या पाहा’ अशी त्यांची जाहिरात गाजली. कालपर्यंत फोर्ड आणि शेवरलेट या दोनच स्वस्त गाड्या मानल्या जात. तिसरी आहे, हे त्या एका वाक्याने गिऱ्हाइकाच्या मनात ठसवले. काही वर्षांतच क्रायस्लरने फोर्डला मागे टाकले.

मधल्या फळीतल्या कंपन्या मात्र एकामागून एक गेल्या. क्लीव्हलंडची पीअरलेस १९३१ मध्ये थांबली आणि दारूबंदी उठल्यावर तिच्या कारखान्यात बिअर गाळली जाऊ लागली. मार्मन, फ्रँकलिन, स्टुट्झ, पिअर्स-ॲरो ही एकेकाळची प्रतिष्ठेची नावे दशक संपण्याआधी इतिहासजमा झाली. स्टुडबेकरचे अध्यक्ष आल्बर्ट अर्स्किन यांना मंदी चार दिवसांची वाटली. नफ्याच्या कितीतरी पट लाभांश त्यांनी गंगाजळीतून भागधारकांना वाटला. मार्च १९३३ मध्ये कंपनी दिवाळखोरीत गेली आणि जुलैमध्ये अर्स्किन यांनी आत्महत्या केली. जनरल मोटर्सचा संस्थापक विल्यम ड्युरंट १९३६ मध्ये स्वतः दिवाळखोर ठरला; उतारवयात तो फ्लिंट गावात बोलिंगचा खेळ चालवत होता.

या पडझडीचा एक धागा मराठी मुलखापर्यंत येतो. जनरल मोटर्सने १९२८ मध्ये मुंबईत शिवडीला गाड्यांची जुळणी सुरू केली होती. पण त्याहून बोलका धागा इंदूरचा आहे. इंडियानापोलिसच्या ड्युसेनबर्ग कंपनीने डिसेंबर १९२८ मध्ये ‘मॉडेल जे’ आणली. नुसत्या सांगाड्याचीच किंमत साडेआठ हजार डॉलर, म्हणजे एखाद्या फोर्डच्या जवळजवळ वीसपट. वर्षाला पाचशे विकायचा बेत होता. आठ-नऊ वर्षांत एकूण पाचशेही झाल्या नाहीत. त्या अखेरच्या काळातल्या गिऱ्हाइकांत यशवंतराव होळकर दुसरे होते. त्यांच्या गाडीवर लंडनच्या गर्नी नटिंगने नारिंगी आणि काळ्या रंगाची बॉडी चढवली. आज ती जगातल्या देखण्या मोटारींत गणली जाते. १९३७ मध्ये ड्युसेनबर्ग बंद पडली. ज्या धंद्याचा पाया कामगार-गिऱ्हाईक हा होता, त्याला वरच्या मजल्यावरचे राजे-महाराजे किंवा सिनेमातले नट तारू शकत नव्हते. एक महाराज एकच गाडी घेतो. सव्वा लाख कामगार सव्वा लाख घेऊ शकतात.

आता या गोष्टीतला सर्वांत नाट्यमय प्रसंग. फेब्रुवारी १९३३ मध्ये डेट्रॉईटची युनियन गार्डियन ट्रस्ट ही बँक बुडायच्या बेतात आली. घरांवरच्या कर्जांत तिचा पैसा अडकला होता आणि बेकार कामगार ती कर्जे फेडू शकत नव्हते. सरकारी कर्ज मिळायचे तर बड्या ठेवीदारांनी आपला हक्क मागे ठेवायला हवा होता. फोर्डची तिथे पंचाहत्तर लाख डॉलरची ठेव होती. फोर्डने साफ नकार दिला. दुसऱ्या बाजूला मिशिगनचे सिनेटर जेम्स कझेन्स होते. पुरेसे तारण नसताना सरकारने बँकेला पैसे देऊ नयेत, यावर ते अडून बसले. हे कझेन्स कोण? फोर्डचे सुरुवातीचे भागीदार आणि हिशेबनीस. १९१४ च्या जानेवारीत पाच डॉलर रोजाची घोषणा झाली तेव्हा फोर्डच्या शेजारी उभे असलेले गृहस्थ. एके काळी कामगाराच्या खिशात पैसा घालणारे दोघे आता आपापल्या तत्त्वाला धरून बसले होते. १४ फेब्रुवारीला राज्यपालांनी मिशिगनमधल्या सगळ्या बँका आठ दिवसांसाठी बंद केल्या. भीती एका राज्यातून दुसऱ्या राज्यात पसरली. तीन आठवड्यांनी, ६ मार्चला, नवे राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांना देशभरच्या बँका बंद ठेवाव्या लागल्या.

याच महिन्यांत डेट्रॉईटच्या कलासंग्रहालयात मेक्सिकोचा चित्रकार दिएगो रिव्हेरा भिंती रंगवत होता. पैसे हेन्री फोर्डचा मुलगा एड्सेल याने दिले होते. सत्तावीस चित्रफलकांच्या या मालिकेत रूज कारखाना आहे: भट्ट्या, साचे, पट्टे आणि खांद्याला खांदा भिडवून वाकलेले, ओढणारे, ढकलणारे असंख्य कामगार. ते तयार करत आहेत फोर्डचे नवे व्ही-आठ इंजिन. मार्च १९३३ मध्ये चित्रे लोकांसाठी खुली झाली तेव्हा शहरातल्या बँकांची दारे लागलेली होती आणि खऱ्या कारखान्यात चित्रातल्याइतकी गर्दी उरली नव्हती. काहींनी चित्रांना धर्मद्रोही म्हटले, काहींनी कम्युनिस्ट. भिंती पुसून टाका, अशी मागणी झाली. एड्सेल बधला नाही. माझ्या मते त्या भिंतींवरची खरी गोष्ट निराळीच होती. रिव्हेराने जो भरलेला कारखाना रंगवला, तो तेव्हा केवळ भिंतीवरच शिल्लक होता.

मंदीने शेवटी एक धडा शिकवला आणि तो कंपन्यांपेक्षा सरकारने आणि कामगारांनी लवकर घेतला. गिऱ्हाइकाला सांभाळणे एकट्या कारखान्याच्या आवाक्यातले नाही. एकाच्या उदारपणावर तर मुळीच नाही. १९३३ मध्ये बँकेतल्या ठेवींना विम्याचे संरक्षण मिळाले. १९३५ मध्ये बेकारी विमा आणि म्हातारपणचे वेतन यांचा कायदा झाला, युनियनचा हक्क कायद्यात आला. ३० डिसेंबर १९३६ ला फ्लिंटमधले जनरल मोटर्सचे कामगार कारखान्यातच बसून राहिले. हा बैठा संप चव्वेचाळीस दिवस चालला. आता मिशिगनचे राज्यपाल होते तेच फ्रँक मर्फी. त्यांनी सैन्य पाठवले, पण कामगारांना हुसकावण्यासाठी वापरले नाही. जनरल मोटर्सने युनियन मान्य केली. फोर्ड १९४१ पर्यंत अडला, मग वाकला. युद्धानंतरच्या तीन दशकांत अमेरिकी कामगार पुन्हा गिऱ्हाईक झाला. या वेळी मालकाच्या मेहेरबानीने नव्हे, तर कराराने.

२००८ मध्ये गाडी पुन्हा त्याच वळणावर आली. घरकर्जांचा फुगा फुटला, उधारी आटली, खप कोसळला. नोव्हेंबरमध्ये डेट्रॉईटच्या तीन बड्या कंपन्यांचे प्रमुख तीन वेगवेगळ्या खासगी विमानांतून मदत मागायला वॉशिंग्टनला उतरले आणि देशभर टीकेचे धनी झाले. ३० एप्रिल २००९ ला क्रायस्लरने आणि १ जूनला जनरल मोटर्सने दिवाळखोरी जाहीर केली. सरकारी पैशाने दोन्ही सावरल्या. फोर्डने २००६ मध्येच आपल्या निळ्या बोधचिन्हासकट जवळजवळ सारे काही गहाण टाकून मोठे कर्ज उचलले होते, म्हणून तिला ती वेळ आली नाही. पण घरातल्या वस्तू विकाव्या लागल्याच. जग्वार आणि लँड रोव्हर जून २००८ मध्ये २.३ अब्ज डॉलरला मुंबईच्या टाटांकडे आल्या.

या वेळी रस्त्यावर गोळ्या सुटल्या नाहीत. बेकारी भत्ता होता, बँकेतल्या ठेवी सुरक्षित होत्या. १९३३ च्या राखेतून जे उभे राहिले होते, त्याने माणसाला धरून ठेवले. पण वाचण्याची किंमत कुणी मोजली, हेही पाहायला हवे. त्या काळातल्या करारांनुसार नव्याने लागणाऱ्या कामगाराला त्याच पट्ट्यावर, तेच काम करताना जुन्याच्या जवळजवळ निम्मा पगार मिळू लागला. ताशी चौदा-पंधरा डॉलर मिळवणारा हा तरुण जी गाडी जोडत होता, ती घेणे त्याला अवघड होते. कामगार आणि गिऱ्हाईक यांना जोडणारी गाठ पुन्हा सैल झाली. ती आवळायला त्यांना पंधराएक वर्षे लागली. दुहेरी पगाराचा प्रश्न २०२३ च्या संपातही अग्रभागी होता.

जुलै २०१३ मध्ये डेट्रॉईट शहरानेच दिवाळखोरी जाहीर केली. धनकोंची नजर कलासंग्रहालयाकडे वळली. चित्रांची किंमत ठरवली जाऊ लागली. एका बाजूला कलासंग्रह, दुसऱ्या बाजूला शहराच्या निवृत्त नोकरांचे निवृत्तिवेतन. शेवटी देणग्या आणि राज्याचा पैसा एकत्र करून संग्रह वाचवला गेला. देणगीदारांत तिन्ही मोटार कंपन्याही होत्या. निवृत्तिवेतनाला कात्री लागलीच, पण भीती होती त्यापेक्षा कमी.

रिव्हेराची चित्रे जागेवर आहेत. त्या भिंतीवर उत्तरेला इंजिन तयार होते, दक्षिणेला गाडीचा सांगाडा जोडला जातो. तयार लाल मोटार चित्रात आहे खरी, पण दूर कोपऱ्यात, अगदी चिमुकली, शोधावी लागते. समोर, पुरुषभर उंचीची, दिसतात ती माणसे.